आपणास कळवण्यात येते की...

आमच्या गावाचं नाव कळवण. सरकारी पत्र 'आपणास कळवण्यात येते की' असं सुरू होतं, त्यामुळे राज्यातलं प्रत्येक पत्र आधी आमच्या गावाचं नाव घेऊन मगच पुढे सरकतं, असा माझा लहानपणी समज होता. मोठा झाल्यावर कळलं, की कळवणला काहीही कळवण्यात येत नाही. जे कळतं ते पुतण्याच्या व्हॉट्सॲपवरून.

पुतण्या नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर असतो. त्यानं फाल्गुनात एक संदेश पुढे ढकलला. 'घरगुती उद्योगाची नोंदणी करा, करात भरघोस सवलत मिळवा.' खाली त्यानं स्वतःची अक्कल जोडली होती: 'काका, आईच्या पापडाचं बघा ना.'

आई म्हणजे माझी मोठी वहिनी. उन्हं तापायला लागली की तिचे नागलीचे पापड सुरू होतात. नागली भिजवायची, वाळवायची, दळायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात पापडखार, मीठ, तीळ, हिंग टाकायचं आणि पीठ सोडून दोन्ही हातांनी दांडा फिरवायचा. हे फिरवणं बघण्याचं काम मी गेली तीस वर्षं निष्ठेनं करतो. मग गरम उंडे तेलाच्या हातानं मळायचे, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबायचे आणि गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर मांडायचे. गल्लीतली पोरं वाटीत तेल घेऊन उंडे खायला येतात. त्या उंड्यांचा हिशेब धरला तर पाच टक्के माल कारखान्याच्या दारातच संपतो. उरलेला गल्लीत, मुंबईच्या नातेवाइकांत, चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेल्या खानदेशच्या भाविकांत आणि नाशिकच्या एका दुकानात जातो. सगळा जमाखर्च कालनिर्णयावर असतो, दुधाच्या हिशेबाखाली. वर्षाकाठी साठ हजारांची विक्री. त्यातून नागली, तेल, गॅस, गिरणी वजा केली की काय उरतं, हे वहिनीही काढत नाही. काढलं तर पापड बंद करावे लागतील, असं ती म्हणते.

"वहिनी, तुम्हाला करात सवलत मिळणार आहे," मी म्हणालो.

"कोणत्या करात?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. म्हणून तिलाच विचारलं, की तुम्ही कर कोणते भरता? तिनं दांडा थांबवून विचार केला. "घरपट्टी. आणि पाणीपट्टी."

त्या दोन्हींत सवलत नव्हती. मग मी जीएसटीकडे वळलो. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. शिवाय पापड मुळातच करमुक्त. कायद्याच्या भाषेत, पापड कोणत्याही नावानं ओळखला जावो, त्याला कर नाही. फक्त ताटात वाढून खायला दिला तर आहे. म्हणजे पिशवीतला पापड निष्पाप, हॉटेलच्या टेबलावर आला की गुन्हेगार. ऑगस्ट २०२१ मध्ये उद्योगपती हर्ष गोयंका यांनी ट्विटरवर विचारलं होतं, की गोल पापडाला कर नाही आणि चौकोनीला आहे, हे समजावून सांगणारा कुणी सीए आहे का? तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला जाहीर खुलासा करावा लागला, की आम्ही पापडाचा आकार बघत नाही. खंडप्राय देशाच्या कर मंडळानं पापडाच्या भूमितीवर भूमिका घेतली, तो दिवस खरं तर साजरा व्हायला हवा. पापडाचा मावसभाऊ पोंगा मात्र एवढा भाग्यवान नव्हता. न तळलेल्या पोंग्यावर १८ टक्के कर होता, तो जीएसटी परिषदेनं जुलै २०२३ मध्ये ५ वर आणला. वहिनीला हे सांगितल्यावर तिनं नळ्या करण्याचा बेत तिथल्या तिथे सोडला.

राहता राहिला आयकर. २०२५च्या अर्थसंकल्पानं नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर आणला. वहिनीचं उत्पन्न त्या १२ लाखांच्या गावाच्या वेशीवरही कधी गेलेलं नाही. थोडक्यात, टक्कल पडलेल्या माणसाला कंगव्यावर सूट जाहीर झाली होती. पण सूट म्हटल्यावर मराठी माणसाला कंगवा घ्यावासा वाटतोच. मी घ्यायचं ठरवलं.

नोंदणीचं नाव 'उद्यम'. १ जुलै २०२० पासून ती चालू आहे. त्याआधी 'उद्योग आधार' होता. ती फुकट आहे, कागद जोडावे लागत नाहीत, सगळं स्वयंघोषणेवर. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी फोनवर शोधलं, सगळ्यात वर आलेलं पान उघडलं, त्यावर सिंहासारखं काहीतरी चिन्ह बघून उभा राहिलो आणि दीड हजार रुपये भरले. पावती आली, तीत माझे आभार मानले होते. पुढे काहीच आलं नाही. गावात सरकारी कागदातला जाणकार म्हणून माझी ख्याती आहे, ती टिकावी म्हणून हे मी फक्त या सदरात सांगतो आहे.

मग वहिनीला घेऊन सेवा केंद्रात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हे तर फुकट असतं. फुकटचा फॉर्म भरायचे शंभर."

त्यानं आधार क्रमांक टाकला. ओटीपी गेला पुतण्याच्या फोनवर, कारण आधारला नंबर त्याचा. पुतण्या पाळीवर, फोन लॉकरमध्ये. अशा तऱ्हेनं कळवणच्या पापडाचा औद्योगिक विकास अंबडच्या चहाच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलला गेला. चार वाजता ओटीपी आला आणि प्रश्न सुरू झाले.

"उद्योग सुरू झाल्याची तारीख?"

"सासूबाईंनी पातेलं हातात दिलं तो दिवस," वहिनी म्हणाली. "नागपंचमीच्या आधी का नंतर, ते आठवत नाही." पोरानं एक जानेवारी टाकली. देशातले किती उद्योग एक जानेवारीला जन्मले असतील, हा संशोधनाचा विषय आहे.

"कामगार? पुरुष किती, स्त्रिया किती?"

"पुरुष एक," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तो फक्त बघतो."

स्त्रियांचं उत्तर अवघड निघालं. वहिनीकडे शेजारच्या दोघी आणि धाकटी जाऊ येतात. त्यांच्या पापडांना वहिनी जाते. पैसे कुणी कुणाला देत नाही. याला आमच्याकडे सावड म्हणतात. शेतीत बैलांची असते, उन्हाळ्यात बायकांची असते. फॉर्ममध्ये सावडीला चौकट नव्हती. पोरानं विचारलं, की त्या कामगार आहेत का मालक? वहिनी म्हणाली, "ज्या दिवशी ज्याच्या गच्चीवर पापड, त्या दिवशी तो मालक." पोरानं शांतपणे 'स्त्रिया: १' लिहिलं आणि तीन बाया एका कळीसरशी गायब केल्या.

यंत्रसामग्रीत पातेलं, दांडा, दाबायचं हातमशीन आणि सहा साड्या आल्या. साड्या घसाऱ्यात धरायच्या का, यावर थोडी चर्चा झाली. पापडाला वर्गीकरणात स्वतःचा पाच आकडी कोड आहे, हे बघून वहिनी मनापासून हरखली. आपल्या पापडाला दिल्लीत नंबर आहे, हे तिनं त्या संध्याकाळी चार घरांत सांगितलं. पुढे नकाशावर कारखान्याची जागा दाखवायची होती. ठिपका दोनदा गिरणेच्या पात्रात पडला. मग सरकारी खरेदीच्या बाजारात माल विकायचा आहे का? थकलेल्या बिलांवर आगाऊ पैसे देणाऱ्या व्यवस्थेत यायचं आहे का? फुकट वेबसाइटचं नाव हवं आहे का? पोरगा प्रत्येकाला 'होय' म्हणत गेला. "कशाला होय म्हणतोस रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही म्हटलं तर पान पुढे जात नाही असं वाटतं काका."

प्रमाणपत्र निघालं. वर ठळक अक्षरांत 'सूक्ष्म'. वहिनीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ?"

सूक्ष्म म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. आधी सूक्ष्म म्हणजे यंत्रांत २५ लाखांपर्यंत गुंतवणूक असलेला कारखाना. २०२० मध्ये ती मर्यादा १ कोटी झाली आणि उलाढाल ५ कोटी. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी. सरकारी सूक्ष्म अधूनमधून बाळसं धरतो. १० कोटींची उलाढाल करायला वहिनीला आजच्या भावानं सोळाशेहून जास्त वर्षं पापड करावे लागतील. म्हणजे वाकाटकांच्या राज्यात पहिला घाणा घातला असता तर आता कुठे ती सूक्ष्म राहायची थांबली असती. तोवर ती आणि नऊ कोटींवाला एकाच बाकावर.

आता या कागदाचं काय करायचं? पुतण्या म्हणाला, कर्ज. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्रानं योजना आणली, कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. दोन लाखांचं मशीन घेतलं तर सत्तर हजार सरकारचे. आम्ही एका बँकेत गेलो. साहेब भला माणूस होता. त्यानं तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. वहिनी म्हणाली, मला कर लागतच नाही. साहेब म्हणाले, "लागत नाही, हे भरूनच सांगावं लागतं ना ताई." म्हणजे नसलेल्या करातली सवलत मिळवायला आधी तो कर नसल्याचं सांगणारा सीए लावायचा आणि त्याची फी मात्र असलेली.

निघताना साहेबांनी धीर दिला. "लिज्जतचं उदाहरण बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आज केवढा पसारा."

"ते ८० रुपये कुठल्या बँकेनं दिले?" वहिनीनं विचारलं.

बँकेनं दिले नव्हते. छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकानं दिले होते. साहेबांनी चहा मागवला.

तरी एक गोष्ट खरोखर कामाची निघाली, आणि तिच्यातच खरा उद्योग झाला. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे माल घेणाऱ्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हे २००६च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीनं. त्यावर आयकराच्या ४३-बी कलमाला १ एप्रिल २०२४ पासून एक शेपूट लागलं: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी व्यापाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी दाखवायची. वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. करातली सवलत वहिनीला नव्हती, पण करातला चिमटा नाशिकच्या दुकानदाराला होता! त्याच्याकडे आठ महिन्यांपासून वीस किलोचे पैसे अडकले होते. दर वेळी तो 'वसुली आली की देतो' म्हणायचा.

मी पुढच्या बिलावर उद्यम क्रमांक छापून घेतला, लाल शाईत. तिसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन. पैसे द्यायला नव्हे.

"ताई, तो नंबर बिलावर कशाला टाकला? आमचा सीए ओरडतो. नंबर नसलेल्या बायका पुष्कळ आहेत, त्यांचा माल घेतो मग."

वहिनीनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काय हा उद्योग करून ठेवलात भाऊजी?"

मराठीत उद्योग या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सरकारला त्यातला एकच ठाऊक आहे.

पुढचं बिल बिननंबराचं गेलं. माल गेला, पैसे अजून यायचे आहेत. व्यापारात हा प्रकार बराच चालतो, असं पुतण्या सांगतो. हक्काचा कागद असलेल्यापेक्षा नसलेला सोयीचा पडतो. आमची वहिनी त्यामुळे सध्या दिल्लीत नोंदलेली आणि नाशिकमध्ये न नोंदलेली आहे.

नोंदणीमुळे खात्रीनं काय वाढलं म्हणाल, तर फोन. नंबर कुणाकडून कुणाकडे जातो देव जाणे, पण रोज सकाळी दहाला सुरुवात होते. ट्रेडमार्क घ्या. आयएसओ घ्या. बारकोड घ्या. तुमचं प्रमाणपत्र अपडेट करायचं राहिलंय, एवढे भरा. सुरुवातीला वहिनी घाबरायची. मी तिला सांगितलं, सरळ कट करा. पण फोनवर आलेल्या माणसाला पाणीही न विचारता घालवणं तिच्या स्वभावात नाही.

परवा उकड चुलीवर होती आणि फोन वाजला. पलीकडे एक मुलगी, पुण्याहून, ट्रेडमार्कवाली. वहिनीनं तिला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "तू मूळची कुठली गं?"

मुलगी गडबडली. हा प्रश्न तिच्या कागदावर नसावा. "धुळ्याकडची," ती म्हणाली.

"मग चैत्रात गडावर येत असतील तुमच्याकडचे."

"आजी यायची. पायी."

"ज्वारीचे बिबडे करायची का आजी?"

तिकडे क्षणभर शांतता. मग ती मुलगी ट्रेडमार्क सोडून बिबड्यांवर बोलायला लागली, नागलीच्या उंड्यांवर बोलायला लागली, पुण्यात काय मिळतं आणि ते कसं लागतं यावर बोलायला लागली. दहाव्या मिनिटाला दोन किलोची मागणी नोंदली गेली.

"पैसे आधी पाठव," वहिनी म्हणाली. "पंचेचाळीस दिवसांचं मला सांगू नको."

"लगेच पाठवते काकू. तुमचा पत्ता माझ्या यादीत आहेच, माझा घ्या लिहून."

वहिनीनं कालनिर्णय ओढलं, दुधाच्या हिशेबाखाली पत्ता लिहिला, फोन ठेवला आणि पातेलं उतरवलं.

"भाऊजी, उद्या दहाला तो आयएसओवाला फोन करतो. त्याचं गाव कुठलं असेल हो?"