यादीचे वाचक

कादंबरी वाचून तिच्याविषयी बोलणारी माणसे सर्वत्र असतात. आमचे रसिकराव बोलतात ते जिचे नाव पुरस्काराच्या यादीत आले आहे अशाच कादंबरीविषयी. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनीपर्यंत चढून निवृत्त झालेले हे गृहस्थ राहतात रोह्याला, परंतु तेथील श्रोत्यांची सहनशक्ती त्यांनी केव्हाच संपुष्टात आणली असल्यामुळे, दिव्याच्या गाडीने नागोठणे, कासू मागे टाकीत ते पेणला उतरतात आणि गणपतीच्या एका कारखान्यात बाकावर बसून आपला फैसला जाहीर करतात.

साहित्य अकादमी पुरस्काराच्या वर्षाआधीचे एक वर्ष सोडून त्यामागील पाच वर्षांची पुस्तके विचारात घेते. 2020 च्या पुरस्कारासाठी 2014 ते 2018 या काळातली. म्हणजे वाचणाऱ्यास सवड भरपूर. परंतु या पाच वर्षांत वाचनालयाच्या कपाटात निमूट उभी असलेली कादंबरी रसिकरावांच्या लेखी अस्तित्वातच नसते. परीक्षकांपुढे तिचे नाव गेल्याची कुणकुण लागली, की मात्र ती तातडीने हस्तगत करून तिचे मलपृष्ठ, अर्पणपत्रिका आणि पहिली तीस पाने यांची कसून तपासणी होते, समासात पेन्सिलीने ‘पाहिले’ असा शेरा पडतो, आणि एकतिसाव्या पानावर गाडीच्या तिकिटाची खूण कायमची मुक्कामाला राहते. (ती तिकिटे मी पाहिली आहेत, एका कादंबरीत जातानाचे आणि येतानाचे अशी दोन्ही होती.)

कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून बुबुळ रेखीत असावा, आणि नेमक्या त्याच क्षणी रसिकरावांनी, ‘‘या लेखकाच्या पात्रांना दृष्टीच नाही हो!’’ असे गर्जावे, हा नित्याचा प्रकार. कुंचला थबकतो, कारागीर मान वर करीत नाही. तीच कादंबरी त्याने अथपासून इतिपर्यंत वाचलेली असते, हे मला ठाऊक, कारण वाचनालयात त्याच्या मागोमाग माझा क्रमांक होता. पण त्याचे मत कोणी विचारीत नाही आणि तोही होऊन सांगत नाही.

पेणकरांपाशी एक हुकमी उत्तर आहे. पेणमध्येच वास्तव्य केलेल्या सतीश काळसेकरांना 2013 सालचा अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या पुस्तकासाठी. म्हणजे आमच्या गावात वाचनाच्या नोंदींवरच ताम्रपट मिळतो, असे कोणी सुनावले, की रसिकराव रोह्याच्या बाजूने चिंतामणराव देशमुखांना पाचारण करतात: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि तरीही मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे! या ‘तरीही’पुढे पेणकरांचा इलाज चालत नाही.

मात्र मार्च 2021 मध्ये रसिकरावांवर मोठाच प्रसंग गुदरला. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा रसिकरावांपाशी अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही निवेदने सिद्ध होती, आणि श्रोत्यांचा कल पाहून त्यांपैकी एक दाखल करावयाचे, अशी त्यांची सावध तजवीज होती; परंतु समाजाने आपल्याला आजवर पुरेसे दिले आहे, अशा आशयाचे सांगून खऱ्यांनी पुरस्कारच नाकारला, आणि दोन्ही निवेदने एकाच वेळी निकालात निघाली. मुखपट्टी हनुवटीवर ओढून रसिकराव बाकावर बराच वेळ स्तब्ध बसले. लाख रुपयांना नको म्हणणारा अर्जदार त्यांच्या उभ्या हयातीत कचेरीत आला नव्हता.

‘‘नाकारायचंच होतं, तर नाव काढून घेण्याबद्दल मुदतीत लेखी कळवायला हवं होतं,’’ असा आक्षेप त्यांनी अखेर नोंदवला, पण त्यात पूर्वीचा जोम नव्हता. मग, इतक्या वर्षांत प्रथमच, त्यांनी कारागिराकडे तोंड वळवले.

‘‘तुम्ही वाचलीत का हो?’’

‘‘वाचली, साहेब.’’

‘‘सगळी?’’

त्याने मान डोलावली. रसिकरावांनी बाक जरा पुढे ओढला आणि आवाज पुष्कळच खाली आणून विचारले, ‘‘तिसाव्या पानानंतर काय होतं, तेवढं थोडक्यात सांगता का?’’