लेखनिक पाहिजे

फाटक्या छत्रीचं मनोगत लिहिल्याशिवाय मराठी मुलाची प्राथमिक शाळा काही पुरी होत नाही. आमच्या भाच्याच्या वाट्याला ती छत्री तिसरीत आली. त्याचा अख्खा निबंध असा : ‘मी छत्री आहे. मी काळी आहे. मी फाटले. बस.’ या विषयावर आजवर जे काही लिहिलं गेलं असेल त्यात हा सर्वांत प्रामाणिक मजकूर असावा. पण बाईंना दहा ओळी हव्या होत्या.

त्याच्याकडे दहा ओळी नव्हत्या असं कोण म्हणेल? हा मुलगा झोपेतसुद्धा बोलतो. आदल्या रात्री जेवताना त्याने मला हीच छत्री सविस्तर सांगितली होती. ती म्हणे रेनकोटवर जळायची, कारण रेनकोटला खिसे असतात. शेवटी घरात आपल्याकडे कुणी बघावं म्हणून तिने मुद्दाम काडी मोडून घेतली. मग हे वहीत का नाही आलं?

“मुद्दाममध्ये दोन द असतात ना मामा, म्हणून नाही लिहिलं.”

जो शब्द लिहिता येत नाही तो वगळायचा, अशी त्याची लेखनशैली आहे. ‘छत्री’सुद्धा फळ्यावर होती म्हणून आली. तो पेन्सिल इतकी दाबून धरतो की पुढच्या तीन पानांवर निबंध बोटाने वाचता यावा. अक्षरं शिरोरेषेपासून सुटून खाली खाली जातात, दोन ओळी झाल्या की तो हात झटकतो आणि तिसरीला पाणी प्यायला उठतो. ताईला हा आळस वाटायचा. अशा मुलांच्या कपाळी हा शब्द लवकर चिकटतो आणि उशिरा निघतो.

आणि आपली लिपीही काही कमी नाही. ‘किल्ला’ म्हणताना तोंडातून आधी क निघतो, पण लिहिताना वेलांटी त्याच्याही आधी येऊन उभी. ‘सूर्य’ म्हणताना र आधी ऐकू येतो आणि जाऊन बसतो य च्या डोक्यावर. आपला हात या सगळ्याला सरावलेला असतो, म्हणून आपल्याला त्यात गैर दिसत नाही. ज्याचा हात सरावलेला नाही त्याने अक्षर आठवायचं, वळवायचं, ओळीत ठेवायचं, शेजारच्यापासून अंतर राखायचं आणि त्याच वेळी गोष्टही रचायची. सायकल शिकणाऱ्याला डबल सीट द्यावी आणि वर त्याला पत्ता विचारावा, तसं हे होतं. पत्ता ठाऊक असतो, पण तो सांगेपर्यंत सायकल आडवी झालेली असते.

तेव्हा मी सायकल हातात घेतली. म्हणजे पेन. म्हटलं, तू सांग, मी लिहितो.

या कामाला आपल्याकडे फार मोठी परंपरा आहे. व्यासांना महाभारतासाठी लेखनिक लागला आणि त्या जागेवर साक्षात गणपती बसला. ज्ञानेश्वरी नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. बहिणाबाईंना तर लिहिता येतच नव्हतं. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती गाणी उतरवून ठेवली, अत्र्यांनी ती पाहिली आणि 1952 साली पुस्तक आलं. ‘बाई, आधी ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करा, मग बघू,’ असं कुणी म्हटलं असतं तर?

आमच्या व्यासांनी त्या दुपारी सांगितलेली गोष्ट लिफ्टमधल्या बाईची होती. दार उघडं राहिलं की लिफ्टमध्ये एक आवाज येतो, ‘कृपया दरवाजा बंद करा’. ती बाई लिफ्टच्या पंख्याच्या वर राहते. बोलून बोलून तिचा घसा बसला. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तिला हळदीचं दूध द्यायचं ठरवलं, पण लिफ्टचं दार कुणी बंद करेना म्हणून दूध खाली अडकलं...

“आजी चौथ्या मजल्यावर ना? मग दूध खाली कसं?” मी विचारलं.

“तू फक्त लिही.”

गणपतीची अट होती की सांगणाऱ्याने मध्ये थांबायचं नाही. आमच्याकडे ती लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही अशी उलटी झाली, आणि माझ्या मते हीच जास्त अवघड आहे. मोठ्या माणसाच्या हातात पेन आलं की ते आपोआप सुधारायला लागतं. शेजारी बसलेल्या ताईने ‘घसा बसला’ऐवजी ‘आवाज क्षीण झाला’ सुचवून पाहिलं. लेखकाने तिला स्वयंपाकघरात पाठवलं. मी शब्दन् शब्द घेत गेलो, ‘आणि मग’ अकरा वेळा आलं तर अकरा वेळा. वाचून दाखवताना त्याने स्वतःच त्यातले बरेचसे काढायला सांगितले. संपादन आपोआप झालं.

शेवट असा : बाई कंटाळून गावाला गेली. मी न राहवून विचारलं, मग आता दार कोण बंद करतं?

“जो शेवटी आत येतो तो. तुला लिफ्ट माहीत नाही का?”

फोनलाही हल्ली मराठी बोललेलं उतरवून घेता येतं, आणि मोठेपणी त्याला त्याचा उपयोग होईल. पण फोन योग्य जागी हसत नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्याचं निम्मं मानधन तेच असतं. शिकागोच्या बालवाडीत व्हिव्हियन पेली नावाच्या शिक्षिका मुलांच्या गोष्टी अशाच लिहून घेत आणि मग सगळ्या वर्गाकडून त्या करवून घेत. आम्हीही ‘लिफ्टची बाई’ करून पाहिली. मला दूध व्हायला मिळालं. त्यानंतर पाटीवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा ‘लिफ्टची बाई’ त्याने स्वतः लिहिलं, जोडाक्षरासकट, जीभ बाहेर काढून. त्याखाली आणखी काही लिहायला मी सांगितलं नाही.

हाताचा सराव चालू राहीलच, तो लागतोच. पण तो गोष्टीच्या वेळात नको. त्याच्या या लिहिण्याच्या अडचणीला डिसग्राफिया म्हणतात की आणखी काही, ते तपासणारे सांगतील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिकही मिळतो. त्यासाठी अर्ज, तपासणी, शिक्के, सगळं रीतसर करावं लागतं, आणि ते जरूर करावं.

तिसरीतल्या मुलाच्या घरच्या लेखनिकाला मात्र यातलं काहीच लागत नाही. एक पाठकोरा कागद घ्या, चालणारं पेन घ्या, आणि तो सांगेल तेवढंच लिहा.