नग एक

रात्रीच्या रेल्वेने मोठा कुत्रा न्यायचा तर दोन गोष्टी लागतात: आख्खा कूपे आणि बायकोची संमती. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. संमतीचं गाडी सुटेपर्यंत सांगता येत नाही.

आमचा खंडू ग्रेट डेन आहे. नेरूळच्या फ्लॅटमध्ये तो राहतो आणि आम्ही त्याच्या सोयीने वावरतो. त्याला शिमग्याला कुडाळजवळच्या गावी न्यायचं ठरलं. मोटारीने का नाही, असं विचारणाऱ्याने मुंबई-गोवा महामार्ग बघितलेला नसणार. एकदा नेला होता. तेव्हापासून मोटारीच्या किल्ल्या वाजल्या की खंडू सोफ्याखाली शिरतो. म्हणजे डोकं शिरतं. मग सोफा उचलला जातो.

रेल्वेची कल्पना व्हिएन्नाच्या मेहुण्याची. तो आपल्या लॅब्राडोरला घेऊन नाइटजेटने रात्रभर प्रवास करून व्हेनिसला गेला आणि सकाळी फोटो पाठवला. कुत्रा खिडकीतून युरोप बघतोय. खाली मजकूर: ‘भावोजी, इकडे कुत्र्याला तिकीट असतं!’ जर्मनीत तर म्हणे पाळीव मांजरापेक्षा मोठा कुत्रा असला की अर्धं तिकीट. मांजर कुणाचं धरायचं, हे मेहुण्याने सांगितलं नाही. लंडन-पॅरिस धावणाऱ्या युरोस्टारमध्ये मात्र अंधांना वाट दाखवणाऱ्या आणि तशाच मदतनीस कुत्र्यांखेरीज कुणालाच प्रवेश नाही, हे त्याच्याकडून फार खोदून काढावं लागलं.

आपल्याकडे थ्री टियर, टू टियर, स्लीपर, सगळीकडे मोठ्या कुत्र्याला मज्जाव. वातानुकूलित पहिल्या वर्गातला दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन आख्खी आपली असेल तरच तो सोबत येतो. गंमत म्हणजे ऑस्ट्रियाचा नियमही हाच. नाइटजेटच्या स्लीपरमध्ये आख्खा कप्पा घ्यायचा, वर कुत्र्याच्या तोंडाला मुसकं. म्हणजे मेहुण्यानेही पैसे मोजलेच होते, फोटोत फक्त कुत्रा दिसत होता.

नाहीतर उरतो ब्रेकव्हॅनमधला डॉग बॉक्स. रेल्वेने २०२२ साली गार्डला ट्रेन मॅनेजर केलं, पण त्यांच्या डब्यातली पेटी काही वाढली नाही. खंडूचं तोंड तिच्यात मावलं असतं. बाकीच्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न होता.

आम्ही दोघांची पहिल्या वर्गाची तिकिटं काढली, कूपे मिळावा म्हणून अर्ज केला, डॉक्टरकडून लसीकरणाचा कागद आणि प्रवासाला योग्य असल्याचा ताजा दाखला घेतला. दाखल्यावर वजन होतं ५८ किलो. माझं कुणी विचारलं नाही. चार्ट लागला, कूपे मिळाला, आणि बायको म्हणाली, “अहो, आता कारणच उरलं नाही.”

कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर येते. रिक्षात खंडू मावत नाही, टॅक्सीवाले त्याला बघून काच वर करतात. शेवटी छोटा हत्ती ठरवला. गेटवर वॉचमनने विचारलं, “साहेब, फ्लॅट खाली करताय?” बायको ड्रायव्हरशेजारी बसली. मागे मी, खंडू, दोन बॅगा आणि पाण्याचं पातेलं. सायन-पनवेल रस्त्यावर वारा खात खंडू असा उभा होता की बेलापूरला दोन मोटारसायकलवाल्यांनी त्याला हात केला. मला नाही.

पार्सल ऑफिसात बाबूने मान खाली घालूनच विचारलं.

“माल काय?”

“कुत्रा.”

“नग?”

“एक.”

तेवढ्यात खंडूने काउंटरवर हनुवटी टेकली. बाबूने आधी हनुवटी बघितली, मग वाकून मागे कुठवर आहे ते बघितलं. “हा सगळा एकच नग?” त्याने शांतपणे जात, रंग, नर की मादी सगळं लिहून घेतलं, पावती फाडली आणि खंडूच्या नाकाखालून अलगद सरकवली. इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलंय.

कूपेत एक खालचा बर्थ, एक वरचा. खंडूने एकदाच पाहणी केली आणि खालच्यावर आडवा झाला. बायको वर गेली. मी बॅगांवर. अटेंडंटने चादरी आणल्या, खंडूकडे बघून उशी त्याच्याच बाजूला ठेवली. टीसींनी दारातूनच तिकीट तपासलं. “दाखवू नका, दिसतंय मला,” असं ते पॅसेजच्या पलीकडच्या भिंतीला पाठ लावून म्हणाले.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला. कानात दडे बसले. खंडूने डोळे न उघडता गळा काढला. बोगदा संपला, गळा चालूच. दारावर टकटक झाली. शेजारच्या केबिनमधले आजोबा होते.

“कुत्रा आहे का?” त्यांनी आत डोकावून खात्री केली. “मग ठीक आहे. आमच्या हिला वाटलं, तुम्ही गाताय.”

रत्नागिरीला गाडी थोडा वेळ थांबते. पहाटेच्या अंधारात मी आणि खंडू फलाटावर उतरलो. माणसाला एवढ्या वेळात चहा, वडा आणि सुटे पैसे तिन्ही जमतं. खंडूला खांब निवडायचा होता. पहिला हुंगला, नापसंत. दुसरा हुंगला, विचाराधीन. चहावाला किटली घेऊन पुढे आला, त्याला बघून मागे गेला. “अहो, सिग्नल पडला!” बायको दारातून ओरडली. खंडू पुन्हा पहिल्या खांबाकडे वळला आणि इंजिनाची शिट्टी झाल्यावर त्याला सुचलं. असा प्रसंग व्हेनिसच्या वाटेवर आला की नाही, हे मेहुणा आजही सांगत नाही.

कुडाळला काका न्यायला आले होते. खंडू डब्यातून आधी पुढून उतरला, मग मागून. काका दोन पावलं हटले. “ह्यो कुत्रो मा? माका वाटला रेडो इलो.”

युरोपात कुत्रा प्रवासी असतो, आपल्याकडे सामान. कागदावरचा हिशेब एवढाच. पण सामानाला उशी मिळाली, खालचा बर्थ मिळाला आणि उतरताना आजोबांच्या केबिनमधून दोन बेसनाचे लाडूही आले. ते मात्र मी खाल्ले.

रेल्वेला एकच विनंती. तिकीट काढताना तुम्ही नाव विचारता, वय विचारता, शाकाहारी की मांसाहारी तेही विचारता. त्याच्यापुढे ‘सोबत कुत्रा’ असा एक रकाना घाला आणि कूपे तेव्हाच पक्का करून टाका. बर्थची पसंती आम्ही स्वतःच भरू: खालचा.