पाचवं चाक म्हणजे स्टेपनी नव्हे

"वहिनी, आहात का?" अशी कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींची हाक आली की समजायचं, एक तर कढीपत्ता हवाय नाही तर घरात काहीतरी शिजतंय. प्लेनोतलं आमचं लाकडी कुंपण सहा फुटी. त्यातली एक फळी वादळात निखळली, ती आम्ही दोघींनी आजवर बसवू दिलेली नाही.

कढीपत्ता निमित्तालाच होता. भाऊजी डिसेंबरात रिटायर होतायत आणि त्यांना चाकांवरचं घर घ्यायचंय. जुनंच. घोडं अडलंय ते मोटरहोम की फिफ्थ व्हील, यावर.

"पाचवं चाक म्हणजे स्टेपनी का हो?"

हसू आलं, पण तीन वर्षांपूर्वी मीही यांना हेच विचारलं होतं. पूर्वी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी चकती असायची, चाकासारखी. खाली चार चाकं, हे पाचवं. आता तशी पकड पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसवतात आणि ट्रेलरचं तोंड तिच्यावर टेकतं.

"तुमच्या कोल्हापूरकडे उसाची ट्रॉली कशी शेपटी हलवत जाते? या ट्रेलरचं वजन आसावरच येतं, म्हणून तो तसा डुलत नाही."

"मग तेच घेऊ या की!"

"घ्या. ओढणार कशानं, कॅमरीनं?"

12,000 पाऊंडांचा ट्रेलर म्हटला तर त्यातले अडीच-तीन हजार पाऊंड नुसते पिकअपच्या पाठीवर बसतात. साध्या पिकअपची कंबर मोडेल. एफ-350 सारखा दांडगा गडी लागतो, आणि तो जुना घ्यायचा म्हटला तरी ट्रेलरपेक्षा महाग पडू शकतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दारात पिकअप आधीपासून उभी असती तर मी एवढं बोललेच नसते.

मोटरहोम म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. थांबलं की चहा टाका. पण दूध संपलं तर? वीज काढा, पाण्याची नळी काढा, सांडपाण्याचा पाइप गुंडाळा आणि अख्खं घर घेऊन दुकानात जा. म्हणून लोक मागे छोटी गाडी बांधून नेतात. ग्लेशियर पार्कातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत. तिथेही ती छोटीच कामाला येते. आणि इंजिन बिघडलं तर घर गॅरेजात, नवरा-बायको मोटेलात.

"पण यांनी एक बघून ठेवलंय," वहिनींनी आवाज खाली आणला. "2009 चं. फक्त 18,000 मैल झालेत म्हणे!"

इथे मात्र मी फळीला टेकून उभी राहिले. कमी मैल म्हणजे गाडी नवी, हा समज कारपुरता ठीक. मोटरहोम चालून झिजतं त्यापेक्षा बसून जास्त खराब होतं. टायरची नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर म्हातारं. टायरवर डॉटच्या आकड्यातले शेवटचे चार बघायचे: 3114 म्हणजे 2014 सालचा 31 वा आठवडा. जनरेटर महिन्यातून एकदा तरी भार टाकून चालवायचा असतो. नाही तर आतलं पेट्रोल शिळं होऊन कार्बुरेटर चोंदतो. छताच्या सांध्यांतलं सीलंट उन्हानं तडकतं आणि पाणी आत शिरतं. आपल्याला कळतं तेव्हा भिंत आतून कुजलेली.

आम्हीही एक जवळजवळ घेतलंच होतं. विकणाऱ्यानं आत एवढा सुगंध फवारला होता, की मला तिथेच शंका आली. अहो, मी रत्नागिरीची. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा वास मला लव्हेंडरखालूनही येतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाशी चढले, कोपऱ्यात अंगठा दाबला, तर भिंत भिजलेल्या पापडासारखी आत गेली. हे अजूनही म्हणतात, इंजिन मात्र छान होतं.

सांडपाण्याची टाकी कोण रिकामी करणार, हे मी विचारलं नाही. तो ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न.

वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? ट्रेलर घेतला तर मी काय करायचं? मागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत हात हलवायचे आणि धडकला की बोलणी खायची. तीस वर्षं तेच केलंय. मोटरहोम मी शिकेन. मला चालवायचंय ते."

भाऊजींना हे माहीत आहे का, असं विचारलं तर म्हणाल्या, "शनिवारी बघायला जातोय, तिथेच सांगेन."

"मग मीही येते, वास घ्यायला. फक्त त्या दिवशी अत्तर लावू नका."