पार्टी जेन्युइन आहे

भाऊंच्या ऑफिसात शिरणारा माणूस दारात चपला काढतो, तेवढ्यात त्याची पार्टी झालेली असते. मग तो बँकेतला मॅनेजर असो, निवृत्त मुख्याध्यापक असो, नाहीतर हिंजवडीत नुकता लागलेला पोरगा. नाव, गाव, शिक्षण सगळं चपलांबरोबर बाहेर राहतं. आत येते ती पार्टी.

ऑफिस म्हणजे कोथरूडमध्ये एका जिन्याखाली, झेरॉक्सवाल्याला लागून असलेला गाळा. पाटीवर ‘इस्टेट कन्सल्टंट’ लिहिलंय. त्याखाली भाऊंचं खरं नावही आहे म्हणतात, पण ते वाचण्याची वेळ कुणावर आलेली नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. एजंट म्हटलेलं त्यांना खपत नाही आणि दलाल म्हटलं तर चहा येत नाही.

मराठीनं हा शब्द स्त्रीलिंगी करून ठेवला, त्याची खरी मजा भाऊंचा फोन ऐकताना येते. ‘‘सकाळी आली होती ना! बसली, पाणी प्यायली, चहाला नको म्हणाली. आकडा ऐकून जरा रुसली. पण आतून तिला आवडलंय. दोन दिवसांत स्वतःहून येईल बघ.’’ आपल्या डोळ्यांसमोर कुणी नाजूक, मानी बाई उभी राहते. प्रत्यक्षात ती पार्टी म्हणजे मुळशीकडचा सहा फुटी माजी पैलवान. मिशा कानापर्यंत गेलेल्या, आणि खुर्चीत बसला तर खुर्ची दिसत नाही. हाच गृहस्थ महिन्याभरानं सही करायला आला तेव्हा भाऊ मला हळूच म्हणाले, ‘‘सर, पार्टी लाजतेय.’’ तो खरंच लाजत होता. पॅन कार्ड घरी विसरला होता.

पार्टीच्या जाती भाऊंना शेतकऱ्याला ढगांच्या कळाव्यात तशा कळतात. कच्ची पार्टी दर रविवारी फ्लॅट बघते आणि घरी जाऊन त्याच घराचे पडदे धुते. टाइमपास पार्टी सोसायटीच्या बागेत बसून डबा खाते. लोनवाली पार्टी तोंडानं हो म्हणते, पण तिचं खरं तोंड बँकेत असतं. नवरा-बायको मिळून एक पार्टी धरायची पद्धत आहे, तरी तिचे दोन भाग वेगवेगळ्या आचेवर शिजतात: ‘‘मिस्टर पक्के आहेत, मिसेस अजून कच्च्या.’’ न्यू जर्सीतली मराठी पार्टी फोनवर पहिली दहा मिनिटं पुण्याच्या हवेची चौकशी करते, मग कुलमुखत्यारपत्र चुलतभावाच्या नावानं पाठवते, आणि चुलतभाऊ ही निराळीच पार्टी निघते. या सगळ्यांवर एकच पदवी आहे, जेन्युइन. ती भाऊ सगळ्यांना देतात.

गंमत अशी की भाऊ ज्या अर्थानं हा शब्द वापरतात तो त्यांच्या पदरचा नाही. इंग्रजीत पार्टी म्हणजे आधी भाग, बाजू, पक्षकार. खाण्यापिण्याची पार्टी बरीच नंतर आली. एकट्यादुकट्या माणसाला ‘पार्टी’ म्हणायची लकबही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत चांगली रुळलेली होती. आता तिकडे वकील सोडले तर असं कुणी गंभीरपणे म्हणत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळचं इंग्रजी आजही रोजच्या वापरात कुठं टिकलं असेल, तर ते या जिन्याखाली. मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘राणीची प्रॉपर्टी होती का इकडे?’’

घरात मात्र या शब्दानं त्यांना सुख दिलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात भाऊ वहिनींना म्हणाले, ‘‘संध्याकाळी तयार राहा, मोठ्या पार्टीकडे जायचंय.’’ वहिनी पैठणी नेसल्या, गजरा माळला, दुपारी मुद्दाम कमी जेवल्या. संध्याकाळी वारज्याच्या एका टू बीएचकेत त्या पैठणीचा पदर खोचून उभ्या होत्या आणि संडासाच्या भिंतीतून पाणी झिरपतंय की नाही यावर मोठी पार्टी भाऊंशी वाद घालत होती. तेव्हापासून हुरड्याचं आमंत्रण आलं तरी वहिनी आधी विचारतात, ‘‘खायची की विकायची?’’

शेतजमिनीच्या धंद्यात तर फारच घोटाळे होतात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा सहसा शेतकरी लागतो. १९४८च्या कूळ कायद्यानं बिगरशेतकऱ्याला ती वाट परवानगीशिवाय बंद केली आहे. त्यामुळे पौडच्या पुढची जमीन दाखवण्याआधी भाऊ विचारून घेतात, ‘‘शेतकरी पार्टी आहे का?’’ अलिबागकडच्या एका आजोबांना त्यांनी हे विचारलं, तर आजोबा ताठ झाले. ‘‘म्हणजे काय! आमचे वडील पहिल्यापासून शेकापचे.’’ पुढचा अर्धा तास त्यांनी लाल बावट्याचा इतिहास ऐकवला. भाऊंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि शेवटी म्हणाले, ‘‘ते झालं. सातबारा कुणाच्या नावावर आहे?’’

राजकारणातलं ‘पार्टी फोडणं’ मात्र त्यांना नेमकं कळतं, कारण ते त्यांच्याही धंद्यात चालतं. आपण चार महिने जागा दाखवत फिरवलेली पार्टी समोरच्या गल्लीतल्या एजंटानं पळवली, की भाऊ त्या दिवशी जेवत नाहीत. पक्षांतरबंदीचा कायदा त्यांनी यासाठीच नीट समजून घेतला आहे. १९८५ला दहावी अनुसूची आली तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट धरून चालायचं. २००३च्या दुरुस्तीनं ती सोय गेली आणि आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. हे माझ्याकडून दोनदा वदवून घेऊन भाऊंनी बोटं मोजली. ‘‘म्हणजे बघा सर. ती आनंदनगरची पार्टी. मिस्टर, मिसेस आणि सासूबाई. त्यातले मिसेस आणि सासूबाई तिकडे गेल्या.’’ मग खिन्नपणे म्हणाले, ‘‘कायदेशीर आहे.’’

कायद्याशी त्यांचं नातं असंच, जवळचं पण ऐकीव. एका वकीलमित्रानं सांगितलं की अमुक दाव्यात कोर्टानं एक्स पार्टी निकाल दिला. एक्स पार्टी म्हणजे एकतर्फी, समोरचा हजरच नव्हता. भाऊ म्हणाले, ‘‘एक्स पार्टीला कशाला मध्ये घेतलं? तिचा व्यवहार तर संपला ना?’’ त्यांच्या हिशेबात एक्स पार्टी म्हणजे दलाली देऊन झालेली पार्टी, आणि तिला पुन्हा तोंड दाखवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

भाडेकरार म्हटला की ११ महिन्यांचा, हे त्यांच्यासाठी पंचांगाइतकं पक्कं आहे. वर्षाच्या आत ठेवलं की नोंदणी टळते, हा जुना हिशेब. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तो मोडीत काढला, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे असं कलम ५५ सांगतं, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. आता लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन पोरगा घरी येतो आणि चहा होईपर्यंत नोंदणी उरकतो. नोंदणी टळत नाही, तरी ११ महिने राहिलेच. भाऊंचं म्हणणं, बाराव्या महिन्यात पार्टी बिघडते.

या करारात पार्टी नंबर एक असते, पार्टी नंबर दोन असते. खरेदीखतात लिहून देणार आणि लिहून घेणार. भाऊ कुठंच नसतात. ज्यांनी दोघांना एका सोफ्यावर बसवलं, दोघांकडून टक्का घेतला, ज्यांच्याशिवाय तो व्यवहार झालाच नसता, ते फार तर शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून सही करतात. स्कूटरच्या विम्याच्या वेळी याचं उट्टं निघालं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे हे कळल्यावर भाऊंना भरून आलं. ‘‘शेवटी सरकारनं थर्ड पार्टीचा विचार केला!’’ विमा घेणारा पहिला, कंपनी दुसरी, आणि तिसरी पार्टी म्हणजे तुमच्या स्कूटरखाली जो सापडेल तो, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. ‘‘म्हणजे त्याचीही दलाली नाहीच,’’ ते म्हणाले.

महारेरा आल्यावर नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर एजंटाला नोंदणी लागू लागली आणि २०२३पासून परीक्षाही. भाऊंनी साठीच्या उंबरठ्यावर नातवाच्या कंपासमधलं पेन्सिलचं टोकयंत्र घेऊन अभ्यास केला. पास झाले. आता प्रमाणपत्र गणपतीच्या तसबिरीशेजारी आहे आणि व्हिजिटिंग कार्डावर नंबर. पेढे द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, ‘‘भाऊ, पार्टी पाहिजे.’’ त्यांनी लगेच डायरी काढली. ‘‘बजेट किती?’’

परवा त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा फोन आला. भाऊंचा चेहरा पडला. मयूर कॉलनीतल्या देशमुख नावाच्या एका जुन्या घरमालकांबद्दल होता. वीस-पंचवीस वर्षांची ओळख, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण. त्यांचा बंगला विकायचं गेली पाच वर्षं चालू होतं, भाव जमत नव्हता. भाऊंनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला.

‘‘पार्टी ऑफ झाली, सर,’’ ते म्हणाले. ‘‘फार चांगली होती. एकदा शब्द दिला की दिला.’’

डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी काय बोलावं म्हणून घोटाळत होतो, तेवढ्यात त्यांनी डायरी उघडली आणि मिस्टर देशमुखांच्या नाही, ‘मयूर कॉलनी’ अशा नोंदीचं पान काढलं.

‘‘मृत्युपत्र नाही केलेलं. वारस चार. दोन इथं, एक नाशिकला, एक बॉस्टनला. बहिणींनी हक्कसोड दिलं तर ठीक.’’ पेन्सिलीनं एकाचे चार करत ते म्हणाले, ‘‘नाहीतर सर, एका पार्टीच्या चार पार्ट्या झाल्या की हो.’’