स्पिन ऑपरेटर शिका, परळी वैजनाथ मुक्कामी

साहित्य: चौकटीची वही, पेन्सिल, भरपूर खोडरबर. शक्य असल्यास लातूरला जाऊन एमआरआय काढून आलेला एखादा पाहुणा. रिपोर्टची पिशवी त्याच्याकडे असतेच.

प्रोटॉन स्वतःभोवती गरगरतोय असं चित्र काढलं असेल तर आधी खोडा. स्पिन त्याच्या अंगचा आहे, कुणी फिरवून दिलेला नाही.

आता त्याला प्रश्न विचारायचे. प्रश्न म्हणजेच ऑपरेटर, आणि ते तीनच: आयएक्स, आयवाय, आयझेड. अमक्या दिशेला तुझा स्पिन किती? उत्तर एच-बारच्या (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) पटीत अधिक अर्धा किंवा उणे अर्धा. ‘बघू, सांगतो’ हे उत्तर मिळत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. आयझेड विचारून अधिक अर्धा मिळाला, मग आयएक्स विचारलात, की आधीचं उत्तर गेलंच म्हणून समजा. पुन्हा आयझेड विचाराल तर निम्म्या वेळा उणे येईल. प्रोटॉन खोटं बोलत नाही. तुम्ही मध्ये तोंड घातलंत.

म्हणून क्रम पाळा. वही टेबलावर आडवी ठेवा, कव्हर वर. ती आपल्याकडे तोंड करून उभी करा, मग उभ्या अक्षाभोवती पाव वळण द्या: कव्हर बाजूच्या भिंतीकडे. आता उलट करा, आधी आडवीच पाव वळवा, मग उभी करा: कव्हर तुमच्याकडे. तेच दोन फेर, निकाल वेगळा. ऑपरेटरांचंही तसंच: आयएक्स गुणिले आयवायमधून आयवाय गुणिले आयएक्स वजा केलं की शून्य न येता आयझेड उरतो, सोबत एच-बार आणि उणे एकाचं वर्गमूळ. घरचे पाहत असतील तर वही उघडी धरा.

वैजनाथाच्या गावात पुढचं सांगायला संकोच वाटतो. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच, सोमसूत्रापाशी मागे फिरायचं. प्रोटॉनला मात्र ३६० अंशांची पूर्ण घालूनही पुण्य नाही, उणे चिन्ह चिकटतं. ते जायला दुसरी घालावी लागते. ही थाप नव्हे. तशाच अर्ध्या स्पिनच्या न्यूट्रॉनचा झोत दोन वाटांनी नेऊन १९७५ मध्ये पडताळलेलं आहे.

परळीच्या थर्मल वीज केंद्राचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, त्याला कोळसा लागतो, पाणी लागतं, राख उरते. १.५ टेस्लाच्या एमआरआयमध्ये प्रोटॉनच्या स्पिनची दिशा सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा घुमते, राख शून्य. एकच रड: चुंबकीय क्षेत्राच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे प्रोटॉन जवळपास सारखेच. दहा लाखांत जेमतेम पाच जादा. एवढ्या मताधिक्यावर परळीत गुलालही उधळणार नाहीत, पण पाहुण्याच्या मणक्याचा फोटो त्याच पाचांवर निघालाय.

आणि फक्त मणकाच नव्हे. १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्या अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलमधून, म्हणजे साध्या दारूतून, प्रोटॉनच्या तीन वेगळ्या रेषा काढून दाखवल्या, क्षेत्रफळं ३:२:१. भोवतीचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्र किंचित अडवतात, म्हणून रेणूतल्या प्रत्येक गटाचे प्रोटॉन थोड्या वेगळ्या वारंवारतेने बोलतात. यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं, म्हणजे अणुकेंद्रकांच्या चुंबकीय अनुस्पंदनाचं, काम उभं केलं. नवशिक्याने इथेनॉल निवडलं यात काही वावगं नाही, नळीत राहू द्यावं एवढंच.

गृहपाठ: तिन्ही ऑपरेटरांच्या दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स लिहून वरचे गुणाकार आणि वजाबाकी करा. उत्तरात उणे एकाचं वर्गमूळ दिसत नसेल, तर ते आयवायमध्येच लिहायचं राहिलंय.