पावसला चित्रपट काढणाऱ्या नवशिक्यांस सूचना

वैद्यकाच्या इतिहासावर प्रायोगिक शैक्षणिक चित्रपट काढायचं ठरलं की पहिलं काम इतिहास कमी करण्याचं. नवशिक्याची संहिता धन्वंतरीपासून सुरू होते आणि चरक, सुश्रुत, हाफकिन असं करत लशीच्या रांगेपर्यंत पोचते. तोवर शाळेतली पोरं खिडकीबाहेर बघायला लागलेली असतात. तुम्ही एकच नाक घ्या.

कावसजीचं घ्या. हा मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली.

आता स्थळ. पावस देखणं आहे, हीच अडचण. तुमची गोष्ट पुण्याजवळची. चौकटीत चिऱ्याची भिंत किंवा माड आला की ती कोकणात येऊन पडली. शेणाने सारवलेली पडवी शोधा आणि कॅमेरा खाली ठेवा. रनपारच्या खाडीवरचा सूर्यास्त घरच्यांना पाठवा, चित्रपटात घालू नका. स्वामी स्वरूपानंदांच्या मंदिरातली खिचडी प्रसाद म्हणून घ्या, युनिटचं जेवण म्हणून हिशेबात धरू नका. जून ते सप्टेंबर इकडे फिरकायचं नाही. एप्रिल-मेमध्ये माणूस मिळायचा नाही, सगळे आंब्यावर.

वीटवाल्याच्या भूमिकेला नमन या इथल्या लोकनाट्यातला गडी घ्या. गावातल्या जाणत्या आजोबांना वैद्य म्हणून बसवलंत तर ते खरंच औषध सांगतात, आणि दुपारपर्यंत युनिटमधले निम्मे लोक काढा पीत बसतात.

शस्त्रक्रिया मात्र नीट दाखवा, इथे घाई नको. मेणाचं पातळ नाक करून आधी तुटलेल्या जागी बसवून बघायचं. मग ते कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी मात्र जोडलेली ठेवायची, कारण रक्त तिथूनच येणार. कातडी पिळवटून खाली आणायची आणि जुन्या कडा ताज्या करून तिथे बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाचसहा पट्ट्या, एकीवर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला मधली पट्टी कापायची. सुश्रुतसंहितेत नाकाचं माप झाडाच्या पानाने घेतात आणि कातडी गालावरची, इथे कपाळ. एवढा फरक एका वाक्यात सांगा नि पुढे चला, 'आपल्याकडे सगळं होतंच' हे भाषण लावू नका. कात पानवाल्याकडून आणा. तोच कात आणि तेच तूप पडद्यावर बघितल्यावर पोरं जागी होतात.

राहिलं 'प्रायोगिक'. प्रायोगिक म्हणजे धूर, उलटं फिरणारं घड्याळ आणि पाठमोरी बाई, अशी समजूत असेल तर ती पडवीबाहेर ठेवून या. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक लघुपट केला होता. माझ्या मते याहून सरळ प्रयोग मराठी माणसाला सुचलेला नाही. तसंच करा. कॅमेरा हलवायचा नाही, रोज तीच जागा, तोच उजेड, आणि जखम भरत येताना दाखवायची. ती रंगभूषेची, हे उघड सांगून टाका. गडी मध्येच बागेत फवारणीला गेला तर त्याला ओरडू नका. त्या दिवसाची जागा काळी ठेवा. बघणाऱ्याला थांबणं म्हणजे काय ते तेवढ्याने कळतं.

पार्श्वसंगीताला बासरी नको. मेण कपाळावर दाबलं जातानाचा बारीकसा आवाज पुरतो.

शेवटी श्रेयनामावली. कावसजीचं नाव येईल, त्याचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं येईल, कार्प्यूचं येईल. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव त्या हकिकतीत छापलेलंच नाही. तिथे 'पारंपरिक ज्ञान' लिहून वेळ मारून नेऊ नका. 'शस्त्रक्रिया: पुण्याजवळचा एक वीटवाला' असं लिहा, आणि अक्षरं दिग्दर्शकाच्या नावाहून मोठी ठेवा.